संतपद कसे मिळते?

पिंपरी-चिंचवडजवळ देहू आहे आणि चाकणजवळ आळंदी. तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांना 'संत' ही पदवी कोणत्या कचेरीने दिली? कोणत्याच नाही. लोक त्यांना संत म्हणू लागले. आपल्याकडे एखाद्या बुजुर्गाला वली म्हणतात, तेही असेच. कॅथलिक ख्रिस्ती लोकांत मात्र यासाठी रीतसर चौकशी होते आणि शेवटचा निर्णय रोमचे पोप देतात.

महाराष्ट्रातील वसईचे गोन्सालो गार्सिया यांचेच पाहा. सोळाव्या शतकात वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना ते तेथे जन्मले. तरुणपणी ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले, व्यापारही केला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात शिरले आणि धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून जपानला परतले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी यांच्या हुकमावरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रूसावर ठार मारण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. १६२७ मध्ये त्यांना 'धन्य' ठरवले गेले आणि १८६२ मध्ये 'संत'. मृत्यूनंतर तब्बल २६५ वर्षांनी!

आजच्या नियमाप्रमाणे मृत्यूनंतर निदान पाच वर्षे थांबावे लागते. ही अट मला शहाणपणाची वाटते. माणूस नुकताच गेलेला असतो, तेव्हा त्याच्याविषयी सगळेच गोड बोलतात! नंतर तेथील बिशप साक्षीदारांचे जबाब घेतात, त्या व्यक्तीची पत्रे व लेखन तपासतात. विरोधात बोलणाऱ्यांचेही ऐकून घेतात. कागदपत्रे रोमला जातात. जीवन खरोखर आदर्श होते असे ठरले, की 'वंदनीय' ही पहिली पायरी. 'धन्य' होण्यासाठी त्या व्यक्तीच्या प्रार्थनेने घडलेला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो, 'संत' होण्यासाठी आणखी एक. धर्मासाठी शहीद झालेल्यांना पहिला चमत्कार माफ असतो. चमत्कार म्हणजे बहुधा आजार बरा होणे. तो औषधाने बरा झाला का, हे आधी डॉक्टर तपासतात.

यावर वादही होतात. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांच्यासाठी पाच वर्षांची अट शिथिल केली गेली. बंगालमधील एका आदिवासी स्त्रीच्या पोटातील गाठ त्यांच्या कृपेने गेली, असे चर्चने मानले. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर मात्र, ती औषधांनीच बरी झाली, असे उघडपणे म्हणाले. २००३ मध्ये मदर 'धन्य' झाल्या. पुढे ब्राझीलमधील एका रुग्णाचा मेंदूचा आजार बरा झाल्याची घटना दुसरा चमत्कार म्हणून मान्य झाली आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.