जवाहिऱ्याची शाळा

माझा पुतण्या पुण्याला शिकत होता. २००७ साली सुट्टीत तो घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "काका, मी जवाहिऱ्याचं काम शिकलो." मी इतिहासाचा मास्तर. आमच्या घरात दागिना घडवणारा सोडाच, दागिन्याच्या दुकानात धड आत गेलेला माणूससुद्धा माझ्या पिढीपर्यंत नव्हता. मी विचारले, "तुला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "कुणी म्हणजे? शाळेत फी भरली."

ही शाळा संगणकाच्या पडद्यावर होती. 'अ टेल इन द डेझर्ट' हा अमेरिकेत तयार झालेला खेळ २००३ साली सुरू झाला. जगभरची माणसे तारेने जोडली जाऊन एकाच वेळी प्राचीन इजिप्तमध्ये वावरतात, असा हा प्रकार. महिन्याचे शुल्क डॉलरमध्ये. पुतण्या आणि त्याचे मित्र ते वर्गणी काढून भरत. मी हसलो, पण मग चार रात्री त्याच्या शेजारी बसून पाहिले. जे पाहिले ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

या खेळात लढाई नाही. मारामारीवर चालणाऱ्या खेळांच्या बाजारात ही गोष्ट मला विशेष वाटली. येथे करायचे ते काम. प्रत्येकजण रिकाम्या हाताने येतो. गवत उपटायचे, वाळवायचे, चिखल आणि वाळू आणायची, विटा पाडायच्या. जवस पेरायचे. कोळशाची भट्टी लावली की डोळ्यांत तेल घालून विस्तव सांभाळायचा. मग खाण, मग धातू गाळणे, आणि खाणीतून निघालेल्या खड्यांना पैलू पाडणे. दगडाचा कोणता भाग उडवायचा याचा अंदाज चुकला की दगड गेला. पुतण्याने माझ्यादेखत दोन खडे वाया घालवले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या.

कसब मिळते ते शाळेतून आणि विद्यापीठातून. फी रोख नव्हे, वस्तूंत. आणि विद्यापीठाची फी पुष्कळदा सर्वांनी मिळून भरायची. ती भरली की विद्या सर्वांना खुली. कायदेही खेळणारेच सुचवतात, सह्या गोळा करतात, मतदान घेतात. बापाचे नाव, आडनाव, गाव कोणी विचारत नाही. विद्या आणि जन्म यांची येथे फारकत झालेली आहे. आमच्या पोराला ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटत होती की तिच्याकडे त्याचे लक्षही नव्हते. माझे होते.

मी लहान असताना आईबरोबर सोनाराकडे गेल्याचे मला आठवते. जोडवे तुटले होते. आम्ही ओट्याखाली उभे. जोडवे ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि मागे सरकायचे. सोनार त्यावर पाणी शिंपडी, मग उचली. तराजू आत, बागेसरीपाशी. काटा कुठे थांबला हे आम्हाला दिसत नसे. तो सांगेल ते वजन. शिवाशिव म्हटली की आपण अपमानाबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण ज्याला तराजूजवळ जाता येत नाही त्याचे माप दुसराच ठरवतो, हा तिचा रोकडा व्यवहार आहे. आईची चांदी किती वेळा किती गुंजा कमी भरली असेल, कुणास ठाऊक!

म्हणून पडद्यावरचे ते इजिप्त मला आवडले, हे आधी कबूल करतो. पण मी इतिहासाचा मास्तर असल्याने खरे इजिप्तही मधेच आठवत राहिले. लक्सरजवळ रेखमिरे या वजिराचे थडगे आहे, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातले. त्याच्या भिंतीवर कारागीर रंगवले आहेत. कोणी मूस तापवतो आहे, कोणी मणी पाडतो आहे. एकाच कमानीच्या दोरीने एकाहून अधिक सळया फिरवून मण्यांना भोके पाडण्याची युक्ती तेथे स्पष्ट दिसते. गरिबांसाठी वेगळाच माल: गारेची पूड, थोडा चुना, थोडा खार, रंगासाठी तांबे, हे भट्टीत भाजले की निळ्या चकाकीचे मणी तयार होत. पिरोजा ज्याला परवडत नाही त्याचा तो पिरोजा. या कारागिरांबद्दल लेखणीवाले काय म्हणत? एका जुन्या इजिप्शियन ग्रंथात बाप मुलाला लेखनिक हो म्हणून सांगतो आणि बाकीच्या धंद्यांची टवाळी करतो. त्यात मणी पाडणाराही आहे: संध्याकाळपर्यंत त्याचे हात गळून जातात, गुडघे आणि पाठ आखडते. कष्टाचे वर्णन अचूक. मात्र त्यामागे कणव नाही, तुच्छता आहे. हा सूर आपल्या ओळखीचा आहे.

आणि सोने? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या अगाथार्किडीस याने इजिप्तच्या सोन्याच्या खाणींचे केलेले वर्णन पुढच्या लेखकांनी जपून ठेवले. गुन्हेगार आणि युद्धकैदी, काहींचे सारे कुटुंब, साखळदंडात. पुरुष दगड फोडतात, पोरे बोगद्यात शिरून तो गोळा करतात, बाया आणि म्हातारे जात्यावर दळतात. पिरोज्याच्या सिनाईतील खाणींची गोष्ट थोडी निराळी आहे. सेराबित अल्-खादिम येथे १९०५ साली पेट्रीला काही ओबडधोबड अक्षरे कोरलेली सापडली. इजिप्शियन चित्रलिपीतली चिन्हे उचलून परक्या सेमिटिक बोलीच्या लोकांनी ती स्वतःच्या भाषेसाठी वापरली होती. जगातल्या कित्येक लिप्यांची मूळ वर्णमाला ती हीच, आणि ती खाणीवर राबणाऱ्यांच्या वस्तीत घडली, असे अनेक अभ्यासक मानतात. हे वाचले तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

पडद्यावर यातले काय आहे? खाण आहे, साखळदंड नाही. खेळ समता आणतो ती सर्वांना शून्यापासून सुरुवात करायला लावून. शून्यापासून सुरुवात कोणाच्याच वाट्याला येत नाही. कोणी तराजूपाशी जन्मतो, कोणी ओट्याखाली.

एकदा मात्र निर्मात्यांनी ओटा आणला. २००४ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात मलाकी नावाचा परदेशी व्यापारी आला. तो फक्त पुरुषांशी सौदा करी. बाईने विचारले तर नकार, वर ती कोणाच्या तरी मालकीची असल्यासारखी भाषा. मोठा गदारोळ झाला. पैसे भरून खेळायचे आणि अपमान सोसायचा काय, असे काहींनी विचारले. इतिहासात असेच होते, असे काहींनी सांगितले. दुकानावरून परतवले जाणे म्हणजे काय, हे पुष्कळांना आयुष्यात पहिल्यांदा कळले असावे. पुतण्याला मी विचारले, "तू तेव्हा असतास तर?" तो म्हणाला, "काका, मला ते कळायला खेळ कशाला लागतो?"

इजिप्तमध्ये राहू द्या, आपल्याकडे दागिना घडवण्यापेक्षाही घालण्यावर बंदी होती. इंदूर भागातील बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे फर्मान सवर्णांनी १९२८ साली काढले. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त त्याची नोंद केली आहे. १९३० साली तमिळ प्रदेशात रामनाडला कल्लरांनी आदिद्रविडांवर तीच बंदी लादली. केरळात पुलया स्त्रियांच्या गळ्यात दगडी मण्यांच्या माळाच असायच्या. अय्यंकाळींच्या चळवळीत, १९१५ साली, त्यांनी त्या तोडून फेकल्या. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आमच्या बायांना सांगितले ते हेच: हातभर कथलाचे आणि चांदीचे ओझे ही तुमच्या जातीची खूण आहे, ती उतरवा.

माझ्या आजीने उतरवले. गोठ, पाटल्या, सगळे. तिच्या धाकट्या बहिणीने नाही उतरवले; "माझं एवढंच आहे," म्हणाली. दोघी त्यावरून वर्षभर बोलत नव्हत्या. धाकटीचे ते कथलाचे गोठ आमच्या पेटीत आहेत. शेवटच्या रात्री मी ते काढून पुतण्याच्या हातात दिले. त्याने उलटसुलट करून पाहिले, झाळ कुठे दिली आहे ते नखाने शोधले. "हे कोणी घडवलं?" मला सांगता आले नाही.

पुढे खेळाचे ते पर्व संपले. पर्व संपले की सर्वांचे सर्व जाते, खडेही. त्याने फोन करून सांगितले, "काका, पुन्हा गवत उपटतोय."