झांकणाचा हिशेब

मास्तरकी सोडून वर्षें लोटलीं, तरी प्रश्न विचारण्याची खोड सुटत नाहीं. डाळीला खदखदून उकळी फुटल्यावर ज्योत मोठी केली, तर ती लौकर शिजेल काय? आमच्या घरीं सर्वांनीं 'हो' म्हटलें. निसर्गाचें उत्तर मात्र निराळें आहे.

उघड्या भांड्यांत पाणी सुमारें १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. त्यापुढें कितीहि आंच दिली तरी तें अधिक तापत नाहीं. केवळ वाफ अधिक होते. २० अंशांचें एक ग्रॅम पाणी उकळीस आणण्यास ८० कॅलरी पुरतात. त्याची वाफ करण्यास आणखी सुमारें ५४० लागतात. म्हणजे उडून जाणारी वाफ ही आपण विकत घेतलेली उष्णताच होय!

यास्तव डाळ आधीं भिजवावी, झांकण किंचित् कलतें ठेवावें व उकळी येतांच आंच मंद करावी. कुकरमध्यें दाबामुळें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, म्हणून तेथें अन्न लौकर शिजतें. परंतु शिट्टी झाल्यावर तेथेंहि मंद ज्योतच पुरे.

घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो वायु असतो. देशास लागणाऱ्या या वायूपैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो, आणि एकदां जळलेला पुन्हा मिळत नाहीं. आमच्या मातोश्री भाताला उकळी आली कीं चुलींतलीं लांकडें ओढून घेत व भात निखाऱ्यांवर मुरूं देत. कॅलरी हा शब्द त्यांनीं कधीं ऐकला नव्हता. हिशेब मात्र त्यांचा बिनचूक होता.