पडदा उघडेना!

दिवाळी जवळ आली की माणसाला अडगळ काढण्याचा झटका येतो. तसा तो मला एका रविवारी आला. मात्र माळा सोडून मी संगणकाची सफाई काढली. नव्या सुधारणा उतरवून घेतल्या, जुने काय काय होते ते जागा अडवते म्हणून पुसले आणि मोठ्या समाधानाने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. कंपनीची मुद्रा झळकली, विरली आणि मग काळा पडदा. पाच मिनिटे झाली, दहा झाली. शेवटी ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, “सिनेमा संपला वाटतं?”

हसण्यासारखे काही नव्हते. त्या पेटीत माझ्या आईचा आवाज होता.

आम्ही कळमेश्वरला राहतो. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे हे गाव. भोवती संत्र्याच्या बागा, एका अंगाला कारखाने. मराठी शिकवता शिकवता तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचा नाद मला लागला. पहिली गायिका अर्थातच घरची. आई गेली त्याला आता चार वर्षे होतील. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या नीट जतनही झाल्या. माझ्या साठ-पासष्ट फाइली मात्र त्या एकाच पेटीत! विद्यार्थ्यांना जपणुकीवर व्याख्याने देणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच निकाल दिला, “सर, याले फॉरमॅटच मारा लागते.” फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. मी फोन खाली ठेवला. हात कापत होता.

संध्याकाळी एक जुना विद्यार्थी आला. इथल्याच एका कारखान्यात तो संगणक सांभाळतो. बी. ए.ला त्याला मराठीत जेमतेम गुण मिळाले होते, हे त्या क्षणी मला फार टोचले. त्याने कळफलकावरची कॅप्स लॉकची कळ दोनदा दाबली. तिचा दिवा लागला, विझला. “सर, मशीन जिवंत आहे नं! आत काम करून राहिली. फक्त पडदा उघडून नाही राहिला.”

मग त्याने जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आमच्या यंत्रावर लिनक्स आहे. २०२५च्या ऑक्टोबरात विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबली, तेव्हा जुने यंत्र टाकण्यापेक्षा हे बरे म्हणून आम्ही ते घातले. हेलसिंकीच्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केले आणि जगभरच्या लोकांनी वाढवले. (त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली. मराठीच्या मास्तराने हा योगायोग नोंदवायला हवा.) यंत्र सुरू होताना आधी ग्रब नावाचा द्वारपाल जागा होतो. तो कर्नलला, म्हणजे मुख्य कारभाऱ्याला, उठवतो. पूर्वी हा कारभारी साध्या अक्षरांवर भागवीत असे. चित्राची मांडणी नंतर दुसरे कोणी करी. २००९च्या सुमारास ते कामही त्याच्याकडे आले. तेव्हापासून पडदा लवकर आणि देखणा उघडतो खरा, पण नव्या कारभाऱ्याचे जुन्या ग्राफिक्स कार्डाशी पटले नाही की सगळाच काळोख. बाकी घर व्यवस्थित असते.

कंपनीची मुद्रा दिसली होती, म्हणजे वायर आणि मॉनिटर ठीक. काहीच न दिसते तर आधी वायरच पाहायची. ग्राफिक्स कार्ड वेगळे असलेल्या यंत्रात ती चुकून भलत्या खाचेत घातलेली असते, असेही पुष्कळदा घडते म्हणे.

“आता जुन्या कर्नलवर जाऊ,” म्हणत त्याने यंत्र पुन्हा चालू केले. सुरुवातीलाच शिफ्ट दाबून धरली की द्वारपालाची यादी दिसते. नव्या यंत्रांत त्यासाठी एस्केप टिचकवावी लागते. त्या यादीत प्रगत पर्यायांखाली आधीचा कर्नल ठेवलेला असतो आणि बहुतेकांचे काम तिथेच होते. आमच्या यादीत तो नव्हता. सकाळी मीच अडगळ म्हणून पुसला होता. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही नं...” आणि पुढचे गिळले.

मग त्याने यादीवर ‘ई’ दाबले. इंग्रजी मजकूर उघडला. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधून तिच्या शेवटचे ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडले. गुपचूप राहा आणि शोभेचे चित्र दाखव, असा त्याचा अर्थ. त्या जागी लिहिले ‘नोमोडसेट’, एकसलग, मध्ये जागा न सोडता. म्हणजे कारभाऱ्या, चित्राचे तू पाहू नकोस. पुढे तीनचा आकडा, आधी नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर थांबण्यासाठी. मग एफ-१०. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. चुकला तरी पुढच्या खेपेला यंत्र पूर्ववत, म्हणून भ्यायचे कारण नाही.

काळ्यावर पांढऱ्या ओळी धबधब्यासारख्या पडू लागल्या. मी परवलीचा शब्द टाइप केला. तो तिथे उमटतच नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा आत गेलो आणि फाइलींची यादी मागितली. आईच्या फाइलींच्या जागी नुसते चौकोनी ठोकळे! नावे मी मराठीत दिली होती. माझ्या पोटात खड्डा पडला.

“फाइली आहेत, सर. या पडद्याले तुमची बाराखडी येत नाही,” तो शांतपणे म्हणाला. खरेच आहे. या अक्षरपडद्याला फार तर ५१२ आकृत्या ठाऊक असतात आणि जोडाक्षर जुळवणे त्याला येत नाही. पस्तीस वर्षांत लिनक्स खिडक्यांतून मराठी झाले, पण उंबऱ्यावर अजून मराठी कळत नाही, याचा मला मास्तर म्हणून थोडा रागच आला.

त्याने चित्राचा पडदा उघडायला सांगितले. तो आला, जाडाभरडा, अक्षरे फुगलेली. पण ठोकळ्यांच्या जागी ‘आई’ हा शब्द होता. मी लगेच दुरुस्तीला लागणार, तर त्याने माझा हात धरला. “आधी माल बाहेर काढा, सर.” पेनड्राइव्हवर एक प्रत काढली, मुलीच्या लॅपटॉपवर दुसरी. यंत्र असेही उघडले नसते तर पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून फाइली काढता आल्या असत्या. फॉरमॅटची गोष्ट त्यानंतरची.

मग कार्डाच्या कंपनीचा योग्य ड्रायव्हर उतरवला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. या वेळी ‘नोमोडसेट’ लिहायचे नव्हते. कायमचे ठेवले तर चित्र मंद आणि ओबडधोबडच राहते. मुद्रा झळकली, विरली, काळोख झाला. आम्ही चौघेही श्वास रोखून. आणि पडदा उघडला.

“सर, चालते का ते तरी बघा.” पहिलीच फाइल लावली. आधी जात्याची घरघर, मग आईचा खोकला, आणि “सुरू झालं का रे ते?” अशी तिची विचारणा. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.