पाणी नेमकं कुठे मुरतंय?

मघाशी चहाच्या वेळी एका आजोबांनी विचारलं, "पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे दिला तर सुधारेल का हो?" कोथरूडकरांना हा प्रश्न पडणारच. खडकवासल्याचं पाणी इमारतीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने वर चढतं. वाटेत किती गेलं, कुणाला ठाऊक? पाणीपट्टी येते मिळकतकराच्या बिलात. बादलीभर वापरा नाहीतर टाकीभर, रक्कम तीच.

नागपूरचं बघू. 2012 पासून 25 वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी तिथला पुरवठा सांभाळते. सुरुवातीच्या कामाचा 70 टक्के खर्च केंद्र-राज्याच्या अनुदानातून, 30 टक्के कंपनीचा. म्हणजे 'खासगी पैसा येतो' हे म्हणणं तिथे तिसऱ्या हिश्शापर्यंतही पोचत नाही! मालमत्ता महापालिकेचीच राहिली. कंपनीला मोबदला मिळतो तो बिल होऊन वसूल झालेल्या पाण्यावर. इथे खरी मेख आहे. गळती बुजवणं, चोरून घेतलेले जोड शोधणं, बंद मीटर बदलणं यात तिचा स्वतःचा फायदा होतो. पण ज्या वस्तीत वसुली कठीण, तिथे घाई कशाला करेल? तिथे महापालिकेनेच मागे लागायला हवं. पाच वर्षांत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी द्यायचं होतं, तेही मुदतीत झालं नाही.

आता कराडशेजारचं मलकापूर. तेव्हा छोटी नगरपंचायत होती, खासगी कंपनी नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने नवे पाईप टाकले, घरोघरी मीटर लावले, जास्त वापराला चढा दर ठेवला आणि चोवीस तास पाणी दिलं. गाव लहान, हे खरं. पण तत्त्व कळतं.

चोवीस तासांचा हट्ट कशासाठी? पुरवठा बंद झाला की पाईपातला दाब जातो. मग फुटक्या सांध्यातून आजूबाजूचं घाण पाणी आत शिरतं, आणि सकाळी तेच आधी आपल्या नळाला येतं. शिवाय दाब कायम असला की रात्री दोनला कुणी वापरत नसतानाही मीटर पळतो. तिथे गळती सापडते.

पॅरिसने 2010 मध्ये पाणी खासगी कंपन्यांकडून परत घेतलं. आपण पुण्यात 2017 साली 24×7 योजनेसाठी 7.59 टक्क्यांनी 200 कोटींचे रोखे काढले, आणि मीटर लावायला मात्र काही सोसायट्यांनीच विरोध केला.

म्हणून आजोबा, कंपनी की पालिका हे नंतर. आधी दोन आकडे मागा: आपल्या भागाच्या टाकीतून महिन्याला किती सुटलं आणि मीटरांवर किती नोंदलं.

हं, मागे हात वर आहे. बोला.