घरच्या स्टिरिओला गाणे पुरवायचे कुठून?

सीडी, संगणक, मोबाइल की इंटरनेट? नवे साधन घेण्याआधी घरात कोण काय ऐकते, ते पाहायला हवे

पुण्या-मुंबईत असो की इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळुरूत, पुष्कळ मराठी घरांच्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात जुनी स्टिरिओ अजून उभी असते. ऐंशी-नव्वदच्या दशकात बोनसच्या पैशांतून किंवा हप्त्यांवर हौसेने घेतलेली. तिचा अॅम्प्लिफायर धडधाकट असतो, स्पीकरची लाकडी खोकी सुस्थितीत असतात. फक्त कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि सीडी प्लेअर तबकडी आत घेऊन थोडा वेळ कुरकुरतो व ती तशीच परत देतो. मग घरातली तरुण मंडळी म्हणतात, ‘‘हे धूड काढून टाकू या, बाबा. एक ब्लूटूथ स्पीकर आणला की झालं.’’ बाबा काही बोलत नाहीत, पण कपाटातल्या दीडशे सीडींकडे एकदा पाहतात.

हे धूड काढण्याची गरज बहुधा नसते. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचे काम चाळीस वर्षांत बदललेले नाही. बदलले ते त्यांना गाणे पुरवणारे साधन. जुन्या अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ असे लिहिलेल्या लाल-पांढऱ्या भोकांच्या जोड्या असतात. त्यांतल्या कुठल्याही जोडीत आजचे कुठलेही साधन लावता येते. अपवाद फक्त ‘फोनो’चा. ती जोडी रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी आहे. तिच्यात आवाज मुद्दाम कित्येक पट वाढवलेला असतो, त्यामुळे तिथे सीडी प्लेअर किंवा फोन जोडला तर गाणे फाटल्यासारखे येते आणि दोष उगाच नव्या वस्तूवर जातो. खर्च करायचाच असेल तर आधी स्पीकर तपासून घ्यावेत. पडद्याच्या कडेचा फोम आपल्या दमट हवेत भुगा होतो आणि तो बदलून देणारे कारागीर अजून सापडतात. एवढ्या दुरुस्तीने आवाजात जो फरक पडतो, तो कुठल्याही महागड्या प्लेअरने पडत नाही.

आकड्यांचे गाणे

सीडी असो, पेनड्राइव्ह असो की मोबाइल, त्यात गाणे आकड्यांच्या रूपात असते. या आकड्यांची विजेच्या लहरीत उलटापालट करणारा एक भाग प्रत्येक साधनात असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘डॅक’ म्हणतात. सीडी प्लेअरच्या पोटात तो असतोच, आणि टीव्हीच्याही. अलीकडच्या अनेक फोनना हेडफोनचे गोल भोक नसते. त्यांच्यासाठी जे बोटभर लांबीचे अॅडॅप्टर मिळते, त्यातही डॅकच दडलेला असतो. दुकानदार ज्या विषयावर सर्वांत जास्त बोलतो तो हाच. डॅक पाचशे रुपयांतही मिळतो आणि पाच लाखांतही.

इथे थोडे गणित उपयोगी पडते. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून आणलेली सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आली. तिच्यात आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी केलेली असते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिलेली असते. एवढ्या मोजणीत २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सगळे नाद मावतात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. म्हणजे सीडी काढणाऱ्यांनी कानाची गरज पुरेपूर भागवली होती. तरीही ‘सीडीपेक्षा वरचढ’ प्रतीच्या नावाखाली आज बरेच काही विकले जाते. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उच्च प्रतीच्या तबकड्या एकदा थेट आणि एकदा सीडीच्या प्रतीला उतरवून ऐकवायच्या, आणि कोणती कोणती ते श्रोत्यांनी ओळखायचे. ५५४ वेळा विचारल्यावर २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढे जमले असते!

मग दुकानात महाग प्लेअर ऐकताना खरोखरच छान का वाटतो? बहुतेक वेळा तो किंचित मोठ्याने वाजत असतो म्हणून. आवाजात अगदी थोडा फरक असला तर ‘मोठा’ असे न वाटता ‘स्वच्छ’, ‘भरदार’ असे वाटते. दोन साधनांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी नेमका सारखा करून घ्यावा आणि कोणते चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. एवढी अट घातली की पुष्कळ दुकानदारांचा उत्साह मावळतो.

फाइल कशी आहे, याला मात्र महत्त्व आहे. सीडीवर एका सेकंदाच्या गाण्याला सुमारे १४ लाख बिट लागतात. एमपीथ्रीमध्ये कानाला सहसा न जाणवणारा भाग वगळून ते लाख-सव्वालाखापासून ३ लाख २० हजारांपर्यंत आणले जातात. वरच्या टोकाला असलेली एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक घरच्या दिवाणखान्यात फार थोड्यांना ओळखू येईल. खालच्या टोकाची मात्र लगेच उघडी पडते. टाळ्या, झांजा आणि तानपुऱ्याची जवारी पाण्यातून ऐकू यावी तशी येते. एका सीडीत दोनशे गाणी कोंबून फुटपाथवर विकल्या गेलेल्या तबकड्या आठवतात? त्या अशाच होत्या. ब्लूटूथमध्येही आवाज असाच दाबून पाठवला जातो. पण खरी अडचण ती नव्हे. विलंबित ख्याल रंगात आलेला असताना फोनची घंटी स्पीकरमधून वाजते, आणि फोन घेऊन कोणी स्वयंपाकघरात गेले की गाणे तुटते.

ख्याल ऐकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. ७८ गतीच्या तबकडीवर गायकाला एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत, एलपीवर वीस-पंचवीस. सीडीने ७४ मिनिटे सलग दिली. पण सोयीसाठी एकाच मैफलीचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिलेले असतात. काही स्वस्त प्लेअर आणि अॅप दोन तुकड्यांमध्ये क्षणभर थांबतात, आणि विलंबितातून द्रुतात जाताना, नेमक्या समेवर, खड्डा पडतो. घेण्यापूर्वी अशी एखादी सीडी किंवा फाइल वाजवून पाहिली म्हणजे झाले.

भाड्याचे गाणे

महिना शंभर-दीडशे रुपयांच्या वर्गणीत लाखो गाणी मिळत असताना सीडी आणि फाइलींचा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नवे चित्रपट संगीत, मुलांची गाणी, कधी न ऐकलेले काही चाखून पाहायचे असेल तर इंटरनेटसारखे दुसरे साधन नाही. पण वर्गणीने गाणे विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. आणि घरमालकांचे आपसांत बिनसले की भाडेकरूला कोणी विचारत नाही.

भारतात हे घडून गेले आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. लगोलग सारेगामा कंपनीशी तिचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि सारेगामाची गाणी तिथून उतरली. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. जुन्या मराठी आणि हिंदी गाण्यांचा मोठा खजिना तिच्याकडे. जून २०२० मध्ये करार झाला तेव्हा ती गाणी परतली. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकच्या गाण्यांचे असेच झाले. एअरटेलने तर ऑगस्ट २०२४ मध्ये आपले विंक म्युझिक हे अॅपच बंद करत असल्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे जमवलेल्या आवडीच्या याद्यांवर लोकांना पाणी सोडावे लागणार होते.

इंटरनेटवरून गाणे घेऊन स्टिरिओला देणाऱ्या छोट्या डब्यांचीही तीच कथा. गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला. स्वस्त आणि चांगला. जानेवारी २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मार्च २०२५ मध्ये त्याच्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि धडधाकट डबे एका दिवसात मुके झाले. कंपनीने काही दिवसांत उपाय केला, हे खरे. पण घरातला जुना अॅम्प्लिफायर कोणाच्या परवानगीने वाजत नसतो.

शोधण्याचाही त्रास आहे. ‘गीतरामायण’ हेच उदाहरण घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते प्रसारित झाले तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी त्यातली ५६ गीते गायिली होती. पुढे एचएमव्हीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकांत सुधीर फडके यांचा आवाज आहे. शिवाय कार्यक्रमांतली ध्वनिमुद्रणे वेगळी. अॅपमध्ये नाव टाकले की यांपैकी काहीही पुढे येते. कोणते साल, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, याचा पत्ताच नसतो. सीडीच्या मागच्या कागदावर तो छापलेला असायचा.

कोणाच्या हाताला झेपेल?

निवड करताना हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पासवर्ड, अॅपची नवी रूपे आणि वाय-फाय यांच्या कचाट्यात टाकले की तो गाणे ऐकणेच सोडून देतो. ‘‘अरे, जरा लावून दे ना,’’ असे दिवसातून किती वेळा म्हणणार? सकाळी सहा वाजता स्वतःच्या हाताने अभंग लावता येणे हे सुख लहान नाही. अशा घरात सीडी प्लेअरला पर्याय नाही. नवे मिळतात, पण निवड थोडी आहे. माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअरही सीडी उत्तम वाजवतो, आणि त्याला पेनड्राइव्हचे भोक असेल तर फारच छान.

घरात सगळे तरुण असतील तर फोन आणि अॅडॅप्टर एवढ्यानेही भागते. मात्र काही स्वस्त अॅडॅप्टरमध्ये डॅक नसतोच आणि ते प्रत्येक फोनवर चालत नाहीत, म्हणून आपला फोन लावून पाहूनच पैसे द्यावेत. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त अॅम्प्लिफायरवर करावे. लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा साधा डॅक दोन-चार हजारांत येतो. गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून पाहावी, दोषी बहुधा तोच. टीव्हीच्या ऑप्टिकल भोकातून आवाज घ्यायचा असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडावे. नाही तर साध्या डॅकमधून आवाजच येत नाही आणि वस्तू खराब समजून परत केली जाते.

काहीही घेतले तरी कपाटातल्या सीडी टाकू नयेत. मुंबईच्या काळा घोडा भागातले ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. अशी दुकाने गेल्यावर त्या पुन्हा मिळणार कुठे? त्यांतही पहिला हात घरी उतरवलेल्या, म्हणजे ‘बर्न’ केलेल्या सीडींना लावावा. छापील सीडी नीट जपली तर दशकानुदशके टिकते. घरी उतरवलेलीत मात्र गाणे एका रंगद्रव्यावर लिहिलेले असते आणि ऊन, उष्णता, ओल यांनी ते विटते. आजीने म्हटलेल्या ओव्या, मुंजीतला सनई-चौघडा, वडिलांच्या सोसायटीतली मैफल, हे सगळे बहुधा अशाच तबकडीवर असते आणि ते कुठल्याच अॅपवर मिळणार नाही.

संगणकाला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर हे काम होते. फाइल ‘फ्लॅक’ प्रकारात करावी. तिच्यात काहीही वगळले जात नाही आणि जागा जवळपास निम्मी लागते. एक सीडी साधारण ३०० एमबीत बसते, म्हणजे दीडशे सीडी ४५ जीबीत. खिशातल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सगळे कपाट मावले! जुन्या डीव्हीडी प्लेअरला फ्लॅक कळत नसेल तर त्याच्यासाठी एमपीथ्रीचा वेगळा पेनड्राइव्ह करून द्यावा. फाइलला नाव देताना गायक, राग, साथीदार आणि साल तेव्हाच लिहून टाकावे, कारण ते सांगू शकणारे माणूस आज घरात आहे. दोन प्रती कराव्यात. एक स्टिरिओपाशी आणि दुसरी लेकीकडे किंवा भावाकडे, दुसऱ्या गावी. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही एकदा लावून पाहाव्यात.