किनाऱ्यावरचा जुना टाइमशेअर रिसॉर्ट : रंगाआड काय असतं?

समुद्राकाठच्या जुन्या टाइमशेअर रिसॉर्टमध्ये सभासदांना आधी खटकतात त्या फुटक्या फरशा, गळका एसी, उडालेला रंग. तक्रारी याच्याच होतात. खरी धोक्याची खूण बाल्कनीच्या छताला असते : गजाच्या रेषेत गेलेली भेग आणि तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ.

खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरत गजांपर्यंत पोहोचतं आणि गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आतून रेटा बसतो, काँक्रीटचे पोपडे पडतात. अशा जागी नुसता गिलावा करून रंग मारणं म्हणजे दुखणं झाकणं. सैल काँक्रीट फोडून, गज घासून, झिजलेले बदलून मगच भरणी करावी लागते. मुळात क्लोराइड गजांपर्यंत सहज पोहोचू नये म्हणूनच आयएस ४५६ हे भारतीय मानक समुद्राचे तुषार झेलणाऱ्या बांधकामात गजांवर किमान ५० मिमी काँक्रीट मागतं.

दुर्लक्ष किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण म्हणजे फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये कोसळलेली निवासी इमारत. ती टाइमशेअर नव्हती, पण किनाऱ्यावरची आणि ४० वर्षांची होती. २०१८ च्या अभियंत्याच्या अहवालात पोहण्याच्या तलावाजवळच्या स्लॅबचं बिघडलेलं वॉटरप्रूफिंग नोंदलेलं होतं. मोठी दुरुस्ती लांबत गेली. २४ जून २०२१ ला इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ माणसं गेली.

टाइमशेअरमध्ये पैशाचा प्रश्न आणखी अवघड. वार्षिक देखभाल शुल्क बऱ्याचदा पगार, वीज, सफाईतच संपतं. मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी वेगळाच लागतो.

सभासदांनी पुढचं शुल्क भरण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात : शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि राखीव निधीचा हिशेब.