सात देवांचे मरावी, सहा देवांचे उईके

जबलपूरजवळचे खमरिया म्हटले की आठवतो तो दारूगोळ्याचा सरकारी कारखाना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांची वसाहत वाढली. या भागात मरावी, उईके, टेकाम, धुर्वे अशी आडनावे कानांवर पडतात. ही गोंडांची आडनावे. विदर्भात मरावीचे मडावी होते, एवढेच. कारखान्याच्या कितीतरी आधी हा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा होता. १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना प्राण देणारी राणी दुर्गावती याच घराण्याची सून.

गोंडांच्या घरी सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असतो, ‘किती देवांचे?’ मरावी साधारणपणे सात देवांचे, उईके सहा देवांचे. त्यांचे जमू शकते. पण दोन्ही घरांच्या देवांची संख्या एकच निघाली, तर ती भाऊबंद ठरतात. मग मुलगा-मुलगी एकमेकांना कितीही शोभणारी असोत, बोलणी तिथेच थांबतात.

ही वाटणी केली पारी कुपार लिंगोने. कथा अशी सांगतात : कली कंकालीची ३३ मुले फार उपद्रवी निघाली, म्हणून शंभूने त्यांना कचारगडच्या गुहेत कोंडले आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावली. लिंगो, जंगो रायताड आणि वादक हिरासुका पाटालीर त्यांना सोडवायला निघाले. हिरासुकाच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारले. त्यांनी एकजुटीने शिळा ढकलली. ती गडगडत आली आणि नेमकी हिरासुकावरच पडली. मुले सुटली, वाजवणारा गेला! पुढे लिंगोने या मुलांना धर्म शिकवला आणि त्यांचे देव वाटून दिले. ही गुहा गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात आहे. माघी पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतले गोंड लोटतात.

गंमत अशी की, वादाचे मूळही याच कथेत आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेली लिंगोकथा १८६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. तीत गुहा हिमालयात आहे आणि कोंडणारा आहे महादेव. गोंड हिंदूच आहेत, असे म्हणणारे त्या महादेवाकडे बोट दाखवतात. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी मात्र शंभू हा मुळात गोंडांचाच, आणि त्यांचा कोया पुनेम हा स्वतंत्र धर्म, अशी मांडणी हयातभर केली.

उगमाच्या कथेवरून धर्म ठरण्याचे जगातले दुसरे उदाहरण इराकमधल्या यझिदींचे. आपण एकट्या आदमपासून जन्मलो, हव्वेपासून नव्हे, असे ते मानतात आणि मोररूपी देवदूताला भजतात. त्यांच्यात जन्मानेच येता येते. परक्यांनी त्यांना सैतानपूजक ठरवले. २०१४ मध्ये सिंजार भागात याच आरोपाखाली त्यांची कत्तल झाली.

गोंडांचा प्रश्न तेवढा रक्तरंजित नाही. तो जनगणनेच्या कागदावरचा आहे. इंग्रजांच्या काळी आदिवासींच्या धर्माची वेगळी नोंद होई. स्वातंत्र्यानंतर तो रकाना गेला. २०११ मध्ये सहा धर्मांना क्रमांक होते, बाकीच्यांनी नाव लिहून द्यायचे होते. एक कोटीहून अधिक गोंडांपैकी सुमारे १० लाखांनी ‘गोंड’ असे लिहवले; बहुतेकांची नोंद हिंदू अशी झाली. काहींना ती मनापासून मान्यही आहे. ऐनाच्या झाडाखाली बडा देव पुजावा आणि घरी दिवाळीही करावी, यात त्यांना विसंगती दिसत नाही. तरुण पिढीतले काही जण मात्र आता वेगळ्या रकान्यासाठी आग्रह धरतात.

मुलीसाठी स्थळ पाहताना मात्र दोन्ही पक्षांचे लोक आधी देवच मोजतात.